उणे अठराचा भरवसा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहराच्या बायपासवर आता एक मोठं, बिनखिडक्यांचं किराणा दुकान असतं. बाहेर दुचाक्यांची दाटी, आत डाळी-तांदूळ, साबण, स्टीलचे डबे, चादरी आणि एका भिंतीलगत काचेच्या सरकत्या झाकणांचे डीप फ्रीझर. २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं, तेव्हा अशा दुकानात गिऱ्हाईक जायचं ते महिन्याचं वाणसामान स्वस्तात भरायला. आज त्याच ट्रॉलीत वाटाण्याचं पाकीट, मलबार पराठे, आलू टिक्की, फ्रेंच फ्राइज, मोमो आणि समोसे पडतात. नवं दुकान उघडलं की पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त कुतूहल याच कोपऱ्याचं. त्याबद्दल घरोघरी दोन तट पडतात. एकाच्या मते हे सगळं शिळं, प्रिझर्व्हेटिव्हनं भरलेलं आणि आळशी लोकांचं अन्न आहे. दुसऱ्याच्या मते दहा मिनिटांत पोरांच्या हातात गरम खाऊ पडत असेल तर बाकी चर्चा फुकटची. दोघंही पाकिटातल्या पदार्थावरून भांडतात. पण या फ्रीझरमध्ये विकायला ठेवलेली मुख्य वस्तू म्हणजे थंडी, उणे अठरा अंशांची आणि कारखान्यापासून कढईपर्यंत कुठेही न तुटलेली. पदार्थ बरा की वाईट हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं, आणि नेमकी तीच वस्तू आपल्याला मिळाली की नाही, हे तपासायची सोय गिऱ्हाइकाच्या हातात नाही.

गोठवण्याचा इतिहास पाहिला तर हे चटकन उलगडतं. क्लॅरन्स बर्ड्सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ पासून काही वर्षं कॅनडाच्या लॅब्रडोर भागात होता. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासा बाहेर काढत आणि उणे चाळीसच्या आसपासच्या वाऱ्यात तो बघता बघता कडक होऊन जाई. काही महिन्यांनी वितळवून शिजवला तरी त्याची चव ताज्या माशाच्या जवळ जाणारी. बर्ड्सआयच्या ध्यानात आलं की गुण नुसत्या थंडीचा नाही, वेगाचा आहे. पदार्थातलं बहुतेक पाणी शून्याच्या थोडं खाली, उणे एक ते उणे पाचच्या पट्ट्यात गोठतं. हा पट्टा रेंगाळत ओलांडला तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळताना पदार्थ पाणी सोडून लिबलिबीत होतो. झपाट्यानं ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात आणि भिंती शाबूत. त्यानं यंत्रं बनवली, पेटंट घेतली आणि १९२९ मध्ये सगळा धंदा विकून टाकला. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या अठरा दुकानांत हा माल पहिल्यांदा किरकोळ विक्रीला आला.

यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. शोध लागला, माल तयार झाला, तरी धंदा बरीच वर्षं रखडला, कारण दुकानदाराकडे फ्रीझर नव्हते आणि रेल्वेत पुरेसे थंड डबे नव्हते. कंपनीला १९३०च्या दशकात स्वस्त फ्रीझर बनवून घेऊन ते दुकानांना भाड्यानं द्यावे लागले. खास थंड वाघिणींची सोय त्यानंतर दहाएक वर्षांनी झाली. म्हणजे फ्रोझन अन्न हा पहिल्या दिवसापासून पाककृतीपेक्षा वाहतुकीचा प्रश्न होता. आपल्याकडे तो आजही तसाच आहे.

आधी फ्रीझरमधल्या मालाकडे जरा जवळून बघू, कारण सगळं एका मापानं मोजण्यात अर्थ नाही. वाटाण्याची गोष्ट सगळ्यात सरळ. शेंग वेलीवरून तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलू लागते. सकाळी तोडलेली शेंग गाडीतून बाजारात, बाजारातून हातगाडीवर आणि हातगाडीवरून आपल्या टोपलीत येईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात, आणि गोडवा तिथेच उतरतो. कारखान्यात दाणे सोलून काही मिनिटं उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. त्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरं निकामी होतात. मग गार हवेच्या जोरदार झोतावर दाणे अक्षरशः तरंगत ठेवून गोठवतात, म्हणून दाणा न् दाणा सुटा राहतो. पाकीट उलटून घटकांची यादी वाचली तर साध्या वाटाण्याच्या पाकिटावर बहुधा एकच शब्द असतो: वाटाणा. प्रिझर्व्हेटिव्ह घालायची गरजच नसते, कारण टिकवण्याचं काम थंडी करते. हेच काम आपल्या घरांतही होत आलं आहे. डिसेंबर-जानेवारीत वाटाणा स्वस्त झाला की वर्तमानपत्र पसरून किलोकिलो शेंगा सोलायच्या, दाण्यांना उकळी द्यायची, निथळायचे आणि पिशव्या भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे. फरक एवढाच की घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, त्यामुळे दाणे थोडे सुरकुततात आणि एकमेकांना चिकटतात. जून महिन्यात बाजारात हिरवा म्हणून मिळणारा वाटाणा कित्येकदा वाळलेला, भिजवलेला आणि रंग दिलेला असतो, हे लक्षात घेतलं तर ‘ताजं ते ताजं’ या म्हणण्याचा जोर पावसाळ्यात तरी बराच कमी होतो.

पोळीचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. पोळी शिळी होते म्हणजे कडक होते, आणि ती कडक होते ती मुख्यतः पाणी उडाल्यामुळे नव्हे. शिजलेल्या पिठातले स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत उभे राहू लागतात, म्हणून ती वातड होते. ही क्रिया सगळ्यात वेगानं घडते ती शून्याच्या जरा वर, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. उणे अठराला ती जवळजवळ थांबते. याचा सरळ अर्थ असा की कालची पोळी फ्रिजमध्ये ठेवणारं घर तिला अधिक लवकर शिळी करतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवणारं घर तिला कालच्याच अवस्थेत धरून ठेवतं. ‘फ्रोझन म्हणजे शिळं’ हे म्हणणारे बहुतेकजण फ्रिजचा अनुभव फ्रीझरच्या माथी मारत असतात. तरीही मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये फुलके कमी आणि मलबार पराठे रग्गड, याला कारण आहे. पराठ्याच्या पदरापदरात तेल-तूप असतं, ते पाण्याला अडवून ठेवतं, आणि गरम तव्यावर पदर पुन्हा सुटतात. फुलका पातळ, कोरडा. त्याच्यापाशी असलं संरक्षण नाही. तेल लावून घडी घातलेली आपली पोळी या दोघांच्या मधली.

उकडीच्या मोदकाची परीक्षा सगळ्यात कठीण. तांदळाच्या पिठीची उकड म्हणजे पाणी धरून ठेवलेली खळ. गोठताना ती पाणी सोडते, पारीला तडे जातात आणि बाहेर काढून ओट्यावर ठेवला तर हवेतलं बाष्प बसून मोदक चिकट होतो. म्हणून तो वितळू न देता थेट वाफेवर ठेवायचा असतो. तरीही परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनी फ्रोझन मोदकाला आपलं म्हटलं, आणि फ्रोझन खोवलेल्या नारळाला तर त्याहून आधी. शिकागोत १९७४ साली सुरू झालेल्या पटेल ब्रदर्ससारख्या दुकानांच्या फ्रीझरमुळे तिथल्या किती स्वयंपाकघरांत नारळ खोवायची विळी अडगळीत गेली असेल, कोण जाणे. जिथे आंबेमोहोराची पिठी आणि ओला नारळ दोन्ही कोपऱ्यावर मिळतात, त्या पुण्यात किंवा दादरला फ्रोझन मोदक आणणं म्हणजे मात्र द्राविडी प्राणायाम. पदार्थ तोच, पण कुठे खाल्ला जातो यावर त्याचं मोल ठरतं.

बटाट्याच्या पदार्थांबाबत तक्रारी सगळ्यात जास्त, आणि निम्म्या तरी आपल्या कढईच्या आहेत. फ्रेंच फ्राइज कारखान्यात अर्धवट तळूनच गोठवतात. त्यासाठी कमी साखरेचा, घट्ट गराचा बटाटा लागतो. साखर जास्त असली की काप तळताना काळपट पडतात. मॅकेन ही कॅनेडियन कंपनी अशा जातींची लागवड गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून घेते आणि तिचा कारखाना मेहसाण्याला आहे. इतकी काळजी घेऊन आलेला काप आपण छोट्या कढईत, वाटीभर तेलात, एकदम मूठभर टाकतो. तेल क्षणात गार पडतं, कापावर कवच धरत नाही, तो तेल पितो आणि आपण म्हणतो, फ्रोझन माल तेलकट असतो. थोडे थोडे, न वितळवता, चांगल्या तापलेल्या तेलात टाकले तर तोच माल वेगळा लागतो. टिक्की, नगेट्स आणि चीज घातलेल्या गोळ्यांबाबत मात्र माझं मत इतकं उदार नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, हा नियम अशा पाकिटांवर फार उपयोगी पडतो. दर्शनी बाजूला ज्याचं चित्र मोठं, ते यादीत चौथ्या-पाचव्या नंबरला सापडलं की पाकीट परत ठेवावं. मीठही बघावं, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, आणि तळणीच्या दोन-चार तुकड्यांत त्यातला बराच वाटा संपू शकतो. पण हा दोष गोठवण्याचा नाही. तोच गोळा गाडीवर ताजा तळला तरी त्यातलं मीठ तेवढंच राहणार.

सत्त्वाचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये आठ फळं-भाज्यांची तुलना प्रसिद्ध केली. गोठवलेल्या मालातलं ‘क’ जीवनसत्त्व फ्रिजमध्ये ठेवलेल्या ताज्या मालाइतकंच, काही बाबतींत जास्तही भरलं. वाटाण्यासारख्या काही भाज्यांत बीटा-कॅरोटिन मात्र चांगलंच घटलं. म्हणजे निकाल एकतर्फी नाही, पण ‘गोठवलं की सत्त्व गेलं’ हा समज त्यात टिकत नाही.

आळशीपणाचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. तो कधी पुरुषाच्या नावानं ऐकू येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं आढळलं. ज्या घरात हा हिशेब असा आहे तिथे पराठ्याच्या एका पाकिटानं वीस मिनिटं वाचली तर त्याला आळस म्हणणाऱ्यानं आधी स्वतःची मिनिटं दाखवावीत. शिवाय मराठी घराला विकतचं अन्न नवं नाही. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी सुरू केला. पोळी-भाजी केंद्रं आज मुंबई, ठाणे, पुण्यात गल्लोगल्ली आहेत. खरं तर फ्रोझन पराठ्याचा खरा प्रतिस्पर्धी आईच्या हातची पोळी नसून कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र आहे, आणि चवीत ते केंद्र बहुतेक वेळा जिंकेल. फ्रीझरची ताकद रात्री साडेदहाला आणि अचानक पाहुणे आल्यावर दिसते.

आता थंडीकडे वळू. आपल्या नियमांप्रमाणे गोठवलेला माल उणे अठरा किंवा त्याहून खाली ठेवायचा असतो, आणि पाकिटावर छापलेली ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही तारीख त्या अटीवरच खरी असते. अट मोडली तर तारीख म्हणजे नुसती शाई. ही अट कुठे मोडते? लोक समजतात कारखान्यात किंवा ट्रकमध्ये. तिथे मोडत नाही असं नाही, पण तिथे निदान तापमानमापक असतो. शेवटच्या टप्प्यात तोही नसतो. फ्रीझर वरपर्यंत ठासून भरला की वरच्या थरातली पाकिटं गार हवेच्या बाहेर पडतात. गिऱ्हाईक मोमो उचलतं, पुढे विचार बदलतो आणि पाकीट बिस्किटांच्या फळीवर ठेवून निघून जातं. तासाभरानं ते फ्रीझरमध्ये परत गेलं की कचऱ्यात, हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही. मग शनिवारी संध्याकाळची बिलाची रांग, मग दुचाकीच्या हुकाला लटकवलेली पिशवी, आणि एप्रिलमधलं अकोला किंवा चंद्रपूर.

घरी आल्यावरही सुटका नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर तारे असतात, ते वीज वाचवण्याच्या ताऱ्यांहून वेगळे. एक तारा म्हणजे उणे सहा, दोन म्हणजे उणे बारा, तीन म्हणजे उणे अठरा. एका दाराच्या साध्या फ्रिजचा वरचा कप्पा बर्फ करतो म्हणून तो फ्रोझन माल महिनोन्‌महिने सांभाळेल असं धरून चालणं चूक. उणे सहाला साधारण आठवडाभराचीच हमी असते. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचू नये म्हणून कप्पा अधूनमधून किंचित गरम केला जातो. त्या चढउतारात पदार्थातलं पाणी उडतं आणि पृष्ठभागावर पांढरट, वाळकट डाग पडतात.

तुटलेल्या थंडीनं माणूस लगेच आजारी पडतो असं मुळीच नाही. आतमध्ये बर्फाचे कण शिल्लक असलेलं पाकीट परत गोठवलं तर धोका फारसा नसतो. जातं ते रूप आणि चव. पण गोठवण्यानं जिवाणू मरत नाहीत, झोपतात. कोंबडी, मासा किंवा पनीर भरलेला पदार्थ पुरता वितळून काही तास कोमट राहिला आणि पुन्हा गोठला, तर बाहेरून तो अगदी नव्यासारखा कडक दिसतो. यातच खरी अडचण आहे. नासलेलं दूध फाटतं, शिळी भाजी वास मारते. इथे पुराव्यावर पुन्हा बर्फ चढतो. गिऱ्हाइकाच्या हाती उरतात ते दोन-तीन अंदाज. वाटाण्याचं पाकीट हलवल्यावर दाणे खुळखुळले तर ठीक, ढेकूळ लागलं तर ते एकदा वितळून गेलेलं. पाकिटाच्या आत बर्फाचा भुगा असेल तर तापमान वरखाली झालेलं. पराठे एकमेकांना चिकटून मधला प्लास्टिकचा कागद सुटत नसेल तर तेच. पण मोमोच्या बंद खोक्यावर यातला एकही अंदाज चालत नाही.

यावर उपाय नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच पोलिओ मोहिमेकडे पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं १९९६ पासून पोलिओ लशीच्या कुपीवर एक छोटं चिन्ह येऊ लागलं: वर्तुळ आणि त्यात फिका चौकोन. कुपीला उष्णता लागत जाईल तसतसा चौकोन गडद होतो आणि पुन्हा कधीच फिका होत नाही. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. हे चिन्ह वाचायला पदवी लागत नाही. आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर आणि यष्टीच्या थांब्यांवर डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते वाचलं, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. अन्नासाठीही असे उष्णता नोंदवणारे स्टिकर जगात उपलब्ध आहेत. आपल्या पाकिटावर कॅलरी, ॲलर्जी आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. वाटेत काय झालं, एवढंच नसतं.

थंडीची साखळी आपल्याला जमत नाही हेही कारण खोटं आहे. रत्नागिरीहून गोठवलेली कोळंबी, माकूळ आणि सुरिमी कित्येक वर्षं परदेशी जाते. सुरिमी म्हणजे राणीसारख्या माशांचा धुतलेला, पांढरा लगदा. खेकड्याच्या नावानं विकली जाणारी कांडी बहुतांशी त्याचीच. परदेशी गिऱ्हाईक तापमानाची नोंद मागतं म्हणून ती ठेवली जाते. देशी गिऱ्हाईक मागत नाही.

सरकारनं तरी मागावी? सरकार गेली काही वर्षं दुसऱ्याच वादात गुंतलं होतं. २०२० मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणानं ठरवलं की पॅकबंद पराठा म्हणजे पोळी नव्हे, कारण खाण्याआधी तो तापवावा लागतो. म्हणून पोळीला पाच टक्के आणि पराठ्याला अठरा. पुढे गुजरातेत तोच कौल, २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयात उलटा कौल, आणि अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी, पराठा सगळ्यांवर शून्य. पाच वर्षं इतकी विद्वत्ता खर्ची पडली ती पराठा तापवावा लागतो का यावर. तो मधल्या काळात थंड राहिला का, हा प्रश्न एकाही निकालाचा विषय नव्हता.

पाकिटांवर उष्णता नोंदवणारा स्टिकर लावा म्हटलं, तर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा, आणि तो पन्नास रुपयांच्या वाटाण्याच्या पाकिटाबाबत रास्त आहे. वाटाणा हलवून कळतो. त्याला स्टिकर नसला तरी चालेल. सुरुवात मांस, मासे आणि पनीर भरलेल्या बंद खोक्यांपासून करता येईल, जिथे किंमतही जास्त आणि धोकाही. दुसरा आक्षेप उत्पादकांचा: दुचाकीवर माल वितळला तर बदनामी आमची का? पण बिल होताना चौकोन फिका होता की गडद, हे काउंटरवर दिसेलच. त्यानंतरची जबाबदारी गिऱ्हाइकाची, आधीची दुकानाची. उत्पादकाला उलट हा स्टिकर हवासा वाटला पाहिजे, कारण सध्या प्रत्येक वातड पराठ्याचं खापर त्याच्याच नावावर फुटतं.

हे घडवून आणायची ताकद कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नाही. मोठ्या दुकानाकडे आहे. पाकिटाचा आकार, मुदतीतले किती महिने शिल्लक हवेत, फळीवर कुठे जागा मिळेल, हे सगळं ते आज पुरवठादाराला सांगतंच. फ्रोझन मालाचा ट्रक मागच्या दाराशी लागला की आधी तापमान बघायचं आणि माल ठरल्यापेक्षा गरम निघाला तर ट्रक परत पाठवायचा, ही या धंद्यातली रीत आहे. मागच्या दारानं माल घेताना दुकान जो हक्क वापरतं, तो पुढच्या दारानं माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला दुकानाची नेमकी हरकत काय, हे त्या काचेच्या झाकणांपाशी उभं राहून विचारायला हवं.